एकाच गच्चीवर प्यायले, फोन मात्र एकीचाच गेला

गच्चीवरची_तुळस
गेल्या शनिवारची गोष्ट. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत माझ्या मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. केक खाली कापला आणि मग ‘आम्ही जरा गच्चीवर बसतो’ म्हणून आठ-नऊ जणं वर गेली. त्यात माझी मुलगी (वय १६, अकरावी) आणि दिरांचा मुलगा (१७, बारावी) होते. दीर आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात.

साडेनऊला वॉचमन टाकी बघायला वर गेला आणि खाली येऊन हळूच म्हणाला, "ताई, जरा वर या." टाकीच्या मागे लिंबू-सोड्याची दोन लिटरची बाटली होती, त्यात व्होडका मिसळलेली. वेफर्सचं फाटलेलं पाकीट. आणि माझी लेक भिंतीला टेकून बसलेली, एकाच पायात चप्पल. दुसरी दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या पत्र्यावर सापडली.

इथे फोरमवर धागा काढला तो पुढच्या भागासाठी. दीर हसले. "चला, चिरंजीव वयात आले. आम्ही तर दहावीतच..." वगैरे. जाऊबाईंनी त्याला ताक दिलं आणि विषय संपला. माझ्या मुलीचा फोन गेला, क्लास सोडून बाहेर पडणं बंद झालं, सासूबाई तिच्याशी बोलत नाहीयेत. आणि खरं सांगते, फोन काढून घेणारी मीच. माझ्या मनात पहिलं हेच आलं की पोरांनी हिला पाजली असणार. दिरांच्या मुलाने कबूलही केलं की बाटली त्याने आणली.

आता डोकं थंड झाल्यावर विचारते. मित्रमैत्रिणींचा दबाव मुलांवर आणि मुलींवर वेगवेगळा असतो का? की दबाव तोच आणि फरक फक्त आपल्या बघण्यात? अनुभव लिहा. उपदेश नको, तो घरात भरपूर मिळतोय.

चाळकरी
धागा दोनशे पार जाणार. खुर्ची धरून बसलोय. चखणा कोण आणतंय? (हलके घ्या.)

पोपटी_छत्री
तुळसताई, दोन्ही खरं आहे.

मी दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात होते, घर बोरिवलीला. आमच्या मुलींच्या ग्रुपमध्ये ‘पी गं, पी’ असा आग्रह कधीच कुणी केला नाही. उलट ‘तुला नको ना, मग नको घेऊस’ असंच म्हणायच्या. पण ते म्हणताना जी नजर असायची, ती ‘काकूबाई’ म्हणून मोकळी व्हायची. आणि पुढच्या वेळचा प्लॅन आपल्याला नंतर फोटो बघून कळायचा. मुलगे तोंडावर बोलतात. ‘बांगड्या भर’, ‘दूध पी’. लागतं, पण दुसऱ्या दिवशी विसरूनही जातात.

अजून एक गोष्ट, जी घरी कुणाला सांगता आली नाही. आम्हाला दहाच्या आत घरात असायला लागायचं. म्हणजे साडेसहाला सुरू, आठला संपलं पाहिजे. मग तासभर मरीन ड्राइव्हवर वारा खायचा, बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या, हाताला मॉइश्चरायझर, आणि चर्चगेटहून लेडीज डबा. मुलगे जेवढी रात्री एकपर्यंत रमतगमत प्यायचे, तेवढी आम्ही दीड तासात संपवायचो. घरच्यांनी वेळ बांधून दिली ती काळजीपोटी. आम्ही त्या वेळेत बसेल असं प्यायला शिकलो.

पावणेनऊची_लोकल
+१. लेडीज डब्यात खिडकीला डोकं लावून डोळे मिटलेली मुलगी दिसली की मावश्या म्हणायच्या, "दमली असेल बिचारी." मी ती बिचारी होते, दोनदा.

सरळमार्गी
मुलींना सगळ्यात बरोबरी हवी असते. घ्या मग बरोबरी. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

खमंग_काकडी
@सरळमार्गी, तुमच्या वेळी दारू नव्हती की मुली नव्हत्या?

चाळकरी
:हसून हसून पुरे वाट:

डॉ_निवांत
पोपटी_छत्रींचा मुद्दा वैद्यकीय दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. यकृताला दहाची लोकल माहीत नसते. साधारण तासाला एक छोटा पेग, यापेक्षा फार वेगाने ते दारू निकालात काढू शकत नाही. कॉफी, लिंबूपाणी, ताक (जाऊबाईंची माफी मागून), गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. दीड तासात चार पेग गेले तर अडीच तसेच रांगेत उभे असतात.

बरोबरीवरून विषय निघालाच आहे तर सांगतो. एकाच वजनाच्या मुलाने आणि मुलीने मोजून तेवढीच प्यायली, तरी मुलीच्या रक्तातली पातळी जास्त चढते. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि दारू पाण्यात पसरते. बादलीभर पाण्यात चमचाभर रंग आणि तांब्याभर पाण्यात चमचाभर रंग, एवढाच हिशेब. ‘त्यांच्या ग्लासाला ग्लास’ हा खेळ मुलगी पहिल्या फेरीपासून हरत असते.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. कुणी जास्त पिऊन पडलं तर ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून उताणं टाकू नका. ओकारी श्वासनलिकेत जाऊन माणूस जातो. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. हाक मारून, चिमटा काढून जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर १०८ ला फोन करा. अशा वेळी मित्र फोन करत नाहीत. घरी कळेल म्हणून. मी कॅज्युअल्टीत होतो त्या वर्षी एका मुलीला तिच्या मैत्रिणींनी रिक्षाने आणून सोडलं आणि नाव न सांगता पळून गेल्या. वाचली. पण दोन तास आम्हाला तिचं नावही माहीत नव्हतं.

गच्चीवरची_तुळस
डॉक्टर, वाचून पोटात गोळा आला. माझी लेक टेकून बसली होती, बोलत होती. मी तिला आधी फाडफाड बोलले आणि मग पाणी दिलं.

चौथा_थर
मी लालबागच्या बाजूचा. दहीहंडीच्या पथकात चौथ्या थराला उभा राहायचो म्हणून हा आयडी.

गुरुपौर्णिमेला सराव सुरू व्हायचा. रात्री नऊ ते साडेअकरा. सराव झाला की मोठी पोरं ‘बसायला’ जायची. आम्ही लहान, आम्हाला वडापाव आणि घरी पिटाळायचे. सोळाव्या वर्षी एका रात्री दादा म्हणाला, "तू पण चल रे." मला तो आग्रह वाटलाच नाही. बढती वाटली. तिसऱ्या मजल्याच्या सज्जात, प्लास्टिकच्या ग्लासात बियर. कोमट. पहिला घोट घेतला आणि वाटलं, एवढ्यासाठी? कारल्याचा काढा परवडला. पण आजूबाजूला सगळे निवांत पीत होते. मीही निवांत तोंड केलं आणि संपवली.

खरी गंमत बारा वर्षांनी. त्यातल्याच एकाच्या लग्नात आम्ही तिघं जुन्या गोष्टी काढून बसलो होतो. एक म्हणाला, "त्या पहिल्या रात्री मला मळमळत होतं रे, मी अर्धी मोगऱ्याच्या कुंडीत ओतली." दुसरा म्हणाला, "मला पण आवडली नव्हती, तू एवढा आरामात पितोयस बघून मी प्यायलो." तो ‘तू’ म्हणजे मी!

कांदेपोहे_रिटर्न्स
मोगऱ्याचं काय झालं?

चौथा_थर
त्या वर्षी फुलला नाही.

प्रबंध_अर्धवट
चौथा_थर, तुमच्या कुंडीवर अमेरिकेत अभ्यास झालाय, थट्टा नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, ‘कॅम्पसवर जी काही प्यायली जाते त्याबद्दल तुला स्वतःला कितपत ठीक वाटतं? आणि इथल्या सरासरी विद्यार्थ्याला कितपत वाटत असेल?’ उत्तर साधारण असं आलं की मला तितकंसं ठीक वाटत नाही, पण बाकीच्यांना चालतंय. आता सगळेच असं म्हणत असतील तर ते ‘बाकीचे’ आले कुठून? १९९३ चा पेपर आहे.

तुळसताईंच्या प्रश्नाशी थेट जुळणारा भाग पुढे आहे. सत्र पुढे सरकलं तशी मुलग्यांची स्वतःची मतं त्या चुकीच्या समजुतीच्या दिशेने सरकली. म्हणजे ‘सगळ्यांना चालतं’ असं वाटता वाटता त्यांना खरोखरच चालायला लागलं. मुलींची मतं तशी सरकली नाहीत. त्या मनातून अवघडलेल्याच राहिल्या. पण एका विद्यापीठातली तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, ती मुलुंडच्या गच्चीला जशीच्या तशी चिकटवू नका.

दुसरा एक प्रयोग मला जास्त आवडतो. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी लोकांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, थांबायचं की दामटायची? एकट्याने खेळताना १३ ते १६ वयाची पोरं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. बरोबर दोन मित्र बसवले की पोरांनी घेतलेला धोका जवळपास दुप्पट झाला. मोठ्यांना मित्र असण्या-नसण्याने विशेष फरक पडला नाही. हे २००५ चं. म्हणून ‘माझं पोर एकटं असताना किती समजूतदार असतं’ यावर फार विसंबू नका. ते खरंच असतं. पण गच्चीवर ते एकटं नसतं.

चाळकरी
ताई, प्रबंध पूर्ण करा. आम्ही सगळे हळदीकुंकवाला... आपलं, व्हायव्हाला येतो.

पेन्शनर_पार्लेकर
एवढं शास्त्र कशाला? साधा उपाय सांगतो. पहिला पेग बापाने स्वतः द्यावा, घरी, डोळ्यांसमोर. मी मुलाला अठराव्या वाढदिवशी दिला. चोरून पिण्यातली मजाच गेली. आज तो चाळीस वर्षांचा आहे, कधीतरी घेतो, बस.

खमंग_काकडी
काका, मुलगी आहे का तुम्हाला?

पेन्शनर_पार्लेकर
आहे.

खमंग_काकडी
तिला अठराव्या वाढदिवशी काय दिलं?

पेन्शनर_पार्लेकर
घड्याळ.

(कळलं मला. विचार करतो.)

कायद्याचा_कीस
काकांच्या माहितीसाठी. महाराष्ट्रात बियरला वयाची अट २१, कडक दारूला २५. मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा, आणि नावाप्रमाणे त्यात आजही प्यायला परवाना लागतो. आणि अठराच्या खालच्या मुलाला दारू देणाऱ्यावर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ लागतं. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कायद्यात ‘बापाने दिली तर चालेल’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

कांदेपोहे_रिटर्न्स
परवाना म्हणजे तो पाच रुपयांचा एक दिवसाचा? दुकानदार आपल्या नावाने फाडतो म्हणे आणि आपल्याला पत्ताच नसतो. देशीला दोन रुपये. गरिबाचा विचार केलाय शासनाने.

मिसळ_विदाउट_तर्री
माझ्या आजोबांकडे परवाना होता, त्यावर ‘प्रकृतीसाठी आवश्यक’ छापाचं काहीतरी होतं. आजी म्हणायची, "यांची प्रकृती रोज संध्याकाळी साडेसातला बिघडते."

प्रबंध_अर्धवट
पार्लेकर काका, तुमचा मुलगा ठीक राहिला याचा आनंदच आहे. पण ऑस्ट्रेलियात जवळपास १९०० मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा केला होता, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. आईवडिलांनी दारू दिलेल्या मुलांना पुढे त्याने काही संरक्षण मिळालं असं दिसलं नाही. उलट त्यांनी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. ‘घरी दिली की बाहेर शोधणार नाही’ हे ऐकायला पटतं, आकड्यांत उतरत नाही.

पेन्शनर_पार्लेकर
आमच्या घरी संस्कार होते.

खमंग_काकडी
आणि घड्याळ.

थर्डइयर
मी १९ वर्षांचा आहे, इथला बहुतेक सर्वात लहान आयडी. मी पीत नाही. सांगायचं कारण, ‘नाही म्हणायला शिकवा’ असं सगळे पालक म्हणतात, पण मुलाला नाही म्हणणं म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं.

एकदा ‘नाही’ म्हटलं की पुढचे दोन तास आख्ख्या पार्टीचा विषय तुम्हीच. ‘भाई एक सिप’, ‘मम्मीला विचारू का’, ‘माझी कसम’. दारूपेक्षा ती कसम महाग पडते. म्हणून मी तिथे गेल्या गेल्या ग्लासात थम्सअप घेतो, दोन बर्फ टाकतो आणि तो ग्लास कधी रिकामा होऊ देत नाही. भरलेला ग्लास हातात दिसला की कुणी विचारत नाही. दोन वर्षं झाली. ग्रुपमधल्या निम्म्यांना वाटतं मी रम पितो. एकाने तर मला सांगितलं, "तुला चढत नाही यार, मानला तुला."

मुलींच्या बाबतीत उलटं बघितलंय. मुलीने ‘नको’ म्हटलं की ते लगेच मान्य होतं. पण ‘हो’ म्हटलं की दोन प्रकारचे मुलगे जवळ सरकतात. एक तिचा ग्लास भरणारे. दुसरे दुसऱ्या दिवशी ‘ती तसली आहे’ म्हणून सांगत फिरणारे. कधीकधी दोन्ही एकच असतात.

पोपटी_छत्री
शेवटची ओळ फ्रेम करून ठेवावी अशी आहे. वाईट याचं वाटतं की १९ व्या वर्षी तुला ती माहीत आहे.

चौथा_थर
थर्डइयर, म्हणजे उद्या अजून कुणी पोरगा तुझा ग्लास बघून ‘हा एवढा आरामात पितोय’ म्हणून पिणार. तू माझाच वारसदार निघालास की!

थर्डइयर
हा विचार केलाच नव्हता दादा. डेंजर आहे.

आजचा_दिवस
बरेच दिवस वाचनमात्र होतो. मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा सदस्य आहे, दारू बंद होऊन अकरा वर्षं झाली. पूर्ण नाव सांगायची आमच्यात पद्धत नाही, इथेही तसंच राहू द्या.

‘मित्रांनी बिघडवलं’ हे वाक्य माझ्या आईने वीस वर्षं म्हटलं. माझ्या मित्रांना शिव्या घातल्या, एकाच्या घरी जाऊन भांडून आली. खरं असं आहे की मला कुणीही पाजली नाही. माझे शाळेतले मित्र क्रिकेटवाले होते, रविवारी सकाळी सहाला शिवाजी पार्क. मला पंधराव्या वर्षी दारू आवडली, पहिल्याच घोटाला आवडली, आणि मग मी ते मित्र हळूहळू सोडले आणि पिणारे शोधले. माझा ग्रुप मी निवडला. आणि कुणाचा तरी मुलगा माझ्यामुळे प्यायला लागला असणार. त्याची आई मला शिव्या घालत असेल. तिचं बरोबर आहे.

आमच्या सभेत बायका कमी दिसतात. याचा अर्थ त्या कमी आजारी असतात असा लावू नका. माझी दारू आख्ख्या वाडीला माहीत होती, शेजारचे मला उचलून घरी आणायचे, सकाळी बायकोला सांगायचे. एक ताई आमच्याकडे आल्या, त्यांची सोळा वर्षं कुणाला पत्ता नव्हता. कुकरच्या डब्यात ठेवायच्या. पुरुषाची उघड्यावर वाढते म्हणून निदान कुणीतरी लवकर ओरडतं. बाईची कपाटात वाढते.

तुळसताई, एकदा गच्चीवर प्यायली म्हणून तुमची मुलगी आमच्यातली होत नाही, घाबरू नका. फक्त पुढच्या वेळी तिला तुमच्याशी खोटं बोलावं लागू नये एवढं बघा.

मिसळ_विदाउट_तर्री
दंडवत.

डॉ_निवांत
असेच म्हणतो. ‘संगतीने बिघडतात’ आणि ‘बिघडायचं असणारे संगत शोधतात’ या दोन्ही गोष्टी एकाच मुलात एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे ‘त्या मुलाशी बोलायचं नाही’ हा हुकूम बहुधा फुकट जातो. तो गेला तरी दुसरा सापडतो.

थेम्सकाठी
लंडनहून. इकडे चित्र बघता बघता बदललं. युरोपात आणि अमेरिकेत शाळकरी वयात मुली आता मुलांच्या बरोबरीला आल्यात, काही देशांत पुढेही गेल्यात. पण ‘मुली बिघडल्या’ अशी बातमी करण्याआधी नीट बघितलं तर बरेच ठिकाणी दोघांचंही पिणं कमी झालंय, मुलग्यांचं जास्त वेगाने. म्हणून दरी मिटली.

तिकडे आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ वर्षांवरचे पिणारे पुरुष १८.८ टक्के आणि बायका १.३ टक्के आहेत. एवढी दरी जगात फार थोड्या ठिकाणी असेल.

पावणेनऊची_लोकल
सर्वेक्षणवाली बाई घरी येऊन विचारणार, सासूबाई सोफ्यावर बसलेल्या, आणि मी ‘हो, घेते ना’ म्हणणार? १.३ टक्के म्हणजे ज्यांच्या सासूबाई त्या दिवशी गावाला गेल्या होत्या त्या.

खमंग_काकडी
:खोखो:

कांदेपोहे_रिटर्न्स
आइसलंडचं कुणी काढलं कसं नाही अजून? १९९८ मध्ये तिकडे १५-१६ वर्षांची ४२ टक्के पोरं महिन्यात एकदा तरी टल्ली झालेली असायची, २०१६ ला ५ टक्के. पोरांना खेळ, संगीत, पोहणं याला पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर फिरायला बंदी घातली, आणि पालकांनी आपापसात ठरवून टाकलं की कुणीच आपल्या पोरांना पार्ट्यांना मोकळं सोडायचं नाही.

चाळकरी
आइसलंडची आख्खी लोकसंख्या आपल्या एका वॉर्डात मावेल. आणि मैदानं? आमच्या इथल्या मैदानात निम्मं पार्किंग, निम्मा लग्नाचा हॉल. पोरं गच्चीवर जाणार नाहीत तर काय फूटपाथवर बॅडमिंटन खेळणार?

पोपटी_छत्री
पण पालकांनी आपापसात ठरवणं याला मैदान लागत नाही. आणि ‘मुलामुलींना एकच वेळ’ एवढं जरी ठरलं तरी पुष्कळ. भाऊ बारा वाजता आला तर ‘आला का, जेवलास का’, आणि बहीण सव्वादहाला आली तर आख्खं घर दारात.

सरळमार्गी
भावाला रात्री धोका नसतो.

डॉ_निवांत
रात्री दीडला बाइकवरून पडून आणलेले बहुतेक भाऊच असतात हो. मी टाके घातलेत.

मिसळ_विदाउट_तर्री
अवांतर. हा सगळा बाप्या लोकांनी पिण्याला सण बनवल्याचा परिणाम. आषाढ अमावास्येला आमच्याकडे आई दिवे घासूनपुसून पाटावर मांडायची, कणकेचे गोड दिवे करायची. दीपपूजा. त्याच दिवशी काका मंडळी ‘गटारी’. पोरगा लहानपणापासून बघतो की एकाच तिथीला बायका दिवे घासतात आणि पुरुष ‘बसतात’. मग गच्चीवर कुणी दबाव टाकायची गरज काय?

चाळकरी
माझ्या गटारीला नावं ठेवू नका. बाकी प्रतिसाद पटला.

व्यवस्थापक
दोन वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत. ‘कुठल्या दुकानात वय विचारत नाहीत’ हेही इथे विचारू नये. ते विचारणारा आयडी नेमका कोणाचा हे आम्ही शोधत नाही, घरच्यांनी शोधावं.

गच्चीवरची_तुळस
उशिरा येतेय, माफ करा. सगळं वाचलं. काही प्रतिसाद दोनदा वाचले, आजचा_दिवस यांचा तिनदा. मधल्या चार दिवसांत जे झालं ते लिहायलाच हवं, कारण माझा पहिला प्रतिसादच चुकीचा निघाला.

परवा रात्री लेकीला फोन परत दिला. काही बोलले नाही, नुसता उशीजवळ ठेवला. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात आली. मी भांडी लावत होते. म्हणाली, "आई, बाटली त्याने नव्हती आणली. मी आणली."

कुठून? आमच्याच बेडरूममधल्या कपाटातून. माझ्या नवऱ्याला ऑफिसात कुणीतरी दिलेली, वर्षभर बॅगांच्या मागे पडून होती. अर्धी काढून घेतली आणि तेवढंच पाणी भरून झाकण नीट लावून ठेवलं. मी जाऊन बघितलं, बाटली जागेवर, भरलेली. सील नव्हतं एवढंच. वाढदिवस असलेल्या मुलीच्या ग्रुपमध्ये ती नवीन आहे. आधीच्या दोन वेळा तिला बोलावलं नव्हतं (पोपटी_छत्री, तुमची आठवण झाली). तिला कुणी ‘पी’ म्हटलं नाही. तिने कुणी म्हणायच्या आधीच सगळ्यांसाठी नेली.

मग पुतण्याला विचारलं, तू का रे खोटं बोललास? तर खांदे उडवून म्हणाला, "काकू, मला काय, पप्पा हसणार होते. तिला धरून मारलं असतं तुम्ही लोकांनी."

मी मारलं नसतं. पण सतरा वर्षांच्या पोराला आमच्या घराचा हिशेब इतका चोख पाठ आहे, याचं काय करायचं मला कळत नाहीये. दिरांना सांगितलं. या वेळी हसले नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे माझा मुलगा चांगला निघाला!" आणि खूश होऊन गेल्या. तो प्यायला होता हे त्या बहुतेक विसरल्या.

पोपटी_छत्री
अगं ताई... मुलीला माझ्याकडून घट्ट मिठी. आणि पुतण्यालाही.

आजचा_दिवस
तिने स्वतःहून येऊन सांगितलं. तेवढं धरून ठेवा.

चौथा_थर
म्हणजे गच्चीवरची बाकीची सात-आठ पोरं तुमच्या मुलीकडे बघून प्यायली. आणि ती त्यांच्यासाठी घेऊन गेली. मोगऱ्याची कुंडी आणा रे कुणीतरी.

खमंग_काकडी
मुलीला आता शिक्षा काय? आणि पुतण्याला?

गच्चीवरची_तुळस
दोघांना एकच. महिनाभर दोघांनीही दहाच्या आत घरात. दीर आधी म्हणाले, "मुलाला कशाला?" मग स्वतःच गप्प बसले. पुतण्या कालच दहा वाजून पाच मिनिटांनी आला आणि त्याच्या आजीने त्याला दारात उभं करून विचारलं, "कुठे होतास?" सतरा वर्षांत पहिल्यांदा. तो इतका गांगरला की खरं सांगून टाकलं, पाणीपुरी खात होता.

पेन्शनर_पार्लेकर
आणि ती कपाटातली बाटली?

गच्चीवरची_तुळस
सिंकमध्ये ओतली. अर्धं पाणीच होतं. नवरा बाजूला उभा राहून म्हणाला, "मला वाटलंच होतं, दिवाळीला पाहुण्यांना दिली तेव्हा कुणाला चढली कशी नाही."

चाळकरी
थांबा थांबा. वाढदिवस गेल्या शनिवारी. पाहुणे दिवाळीला??

गच्चीवरची_तुळस
...

मी जरा लेकीशी बोलून येते.